शर्यत हुकली, भाव चढला

मराठी माणूस दुसऱ्याच्या गाडीची किंमत कधी विचारत नाही. ते बरं दिसत नाही. तो नुसतं 'किती देते?' म्हणतो, आणि उत्तर आलं की त्यावरून गाडीची किंमत, मालकाचा पगार आणि मालकाच्या सासऱ्यांची ऐपत, तिन्ही मनातल्या मनात काढून मोकळा होतो. हा प्रश्न चहाच्या टपरीपासून विमानतळाच्या पार्किंगपर्यंत कुठेही चालतो. मारुतीला चालतो, मर्सिडीजलाही चालतो. एका मर्सिडीजपुढे मात्र तो विचारण्यात अर्थ नाही. ती लिटरला किती देते याची चौकशी करायचं कोणाला सुचलेलं दिसत नाही. तिने जे काय द्यायचं ते एकदाच दिलं: 13 कोटी 50 लाख युरो.

5 मे 2022 रोजी जर्मनीत, स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ म्युझियममध्ये हा सौदा झाला. गाडीचं नाव 300 एसएलआर उलेनहाउट कूपे. जन्म 1955 चा. सौद्याच्या वेळच्या दराने त्या किमतीचे आपले जवळपास 1,100 कोटी रुपये होतात. एवढ्या पैशात आपल्याकडे एखाद्या धरणाचं भूमिपूजन होऊन वर त्याची सुधारित अंदाजपत्रकंही निघायला लागतात. लिलावात मोटारीला त्याआधी मिळालेली सर्वांत मोठी किंमत एका फेरारीची होती; 2018 साली, 4 कोटी 84 लाख डॉलर. या बाईंनी तो विक्रम नुसता मोडला नाही, त्याला जवळजवळ तीनाने गुणलं.

आता एवढ्या किमतीच्या गाडीने आयुष्यात काय दिवे लावले असतील, असं कोणालाही वाटणार. तर एकही शर्यत जिंकली नाही. एकही शर्यत हरली नाही. मुळात एकाही शर्यतीत उतरली नाही. शोरूममध्ये उभी राहिली नाही, गिऱ्हाइकाने तिला कधी हार घातला नाही, कोणाच्या लग्नाच्या वरातीत मिरवली नाही. तिच्या नावावर सांगण्यासारखी नोकरी एकच. कंपनीतले एक साहेब तिच्यातून कामावर जात.

आपल्याकडे जुन्या गाडीच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, ऑफिस यूज. यातली एकही खरी नसते, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. तरी दोघं गंभीर चेहऱ्याने बोनेट उघडून आत बघतात. उलेनहाउट कूपेच्या बाबतीत विक्रीच्या वेळी या तिन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या होत्या. मालक एकच, आणि ती कंपनीच. देखभाल कंपनीच्या रेसिंग विभागातल्या मिस्त्र्यांकडे. वापर ऑफिसचा. 'हळू चालवलेली' एवढं मात्र तिच्या जाहिरातीत लिहिता आलं नसतं, कारण ती ताशी 290 किलोमीटरच्या घरात जायची आणि साहेबांना तिथवर न्यायची सवय होती.

या साहेबांचं नाव रुडॉल्फ उलेनहाउट. जन्म 1906 चा, लंडनचा; वडील जर्मन, आई इंग्रज. 1936 साली, वयाच्या तिशीत, मर्सिडीजने रेसिंग गाड्यांचा तांत्रिक विभाग त्यांच्या हाती दिला. त्या काळी कंपनीच्या गाड्या शर्यतीत मार खात होत्या आणि ड्रायव्हर मंडळी परत येऊन 'गाडी बरोबर नाही' यापलीकडे फारसं काही सांगत नव्हती. नेमकं काय बरोबर नाही, हे कळायला मार्ग नव्हता. कोणताही जाणता साहेब अशा वेळी समिती नेमतो. उलेनहाउट यांनी रेसिंग गाडी स्वतः चालवायला घेतली.

ते शिकले आणि जरा जास्तच शिकले. हुआन मॅन्युएल फँजिओ, पाच वेळचा जगज्जेता, त्याच्याबद्दल मोटारींच्या जगात एक किस्सा फार चवीने सांगतात. नुर्बुर्गरिंगवर सरावाच्या वेळी फँजिओने गाडीच्या जुळणीबद्दल कुरकुर केली. साहेब नुकतेच भरपेट जेवून आले होते. सूट-टायसकट गाडीत शिरले, एक फेरी मारली, फँजिओपेक्षा तीन सेकंद लवकर परत आले आणि खाली उतरून म्हणाले, जरा सराव वाढव. दुपारच्या जेवणानंतर साहेब मंडळी काय करतात याचा आपला अनुभव वेगळा असल्यामुळे मला हा किस्सा विशेष आवडतो. कंपनीने मात्र या माणसाला खऱ्या शर्यतीत कधी उतरू दिलं नाही. ड्रायव्हर दुसरा मिळेल, असा इंजिनिअर मिळणार नाही, हा हिशेब. आणि उलेनहाउट यांनी आयुष्यात स्वतःची गाडी कधी घेतली नाही, असं म्हणतात. घ्यायची कशाला? कंपनीची होती ना.

कंपनीची म्हणजे कशी, तेही ऐका. 1955 साली मर्सिडीजने 300 एसएलआर नावाची रेसिंग गाडी तयार केली. नावावरून ती दुकानात मिळणाऱ्या 300 एसएलची धाकटी बहीण वाटावी अशी योजना होती. प्रत्यक्षात ती फॉर्म्युला वनच्या गाडीची मुलगी. तीन लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन, साधारण 310 अश्वशक्ती, आणि वजन वाचवायला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची काया. त्या वर्षी 1 मे रोजी इटलीतल्या 'मिले मिल्या' या शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेंकिन्सन हे दोघे इंग्रज तिची उघडी आवृत्ती घेऊन उतरले. ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे 1,600 किलोमीटर, तेही गावागावांतल्या रस्त्यांवरून. सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी निघाले म्हणून गाडीचा नंबर 722. आपल्याकडे पंचांग बघून निघतात, तिथे घड्याळ बघून नंबर देतात.

जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार. त्याने आधी रस्ता फिरून प्रत्येक वळण, चढ आणि खड्डा कागदाच्या एका लांबलचक पट्टीवर लिहून काढला होता. अठरा फुटांची ती गुंडाळी एका छोट्या डब्यात बसवली आणि डब्याच्या खिडकीतून वाचत वाचत तो मॉसला वाट सांगत होता. सांगत होता म्हणजे हाताने. गाडीचा आवाज इतका, की ओरडूनही ऐकू जायचं नाही, म्हणून दोघांनी पंधराएक खुणा ठरवलेल्या. वाटेत जेंकिन्सनला उलटी झाली, त्यासाठी तो बाहेर वाकला तर चष्मा वाऱ्याबरोबर उडून गेला. खिशात दुसरा होता, तो लावला आणि पुढची खूण केली. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. सरासरी ताशी 157 किलोमीटरच्या वर. तो विक्रम पुढे कोणी मोडला नाही. आपल्या घाटात शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणणाऱ्या तमाम मंडळींनी जेंकिन्सनची तसबीर घरात लावावी.

उघड्या गाडीत वारा लागतो, चष्मे उडतात. शिवाय नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोत 'कारेरा पानामेरिकाना' ही याहून लांब शर्यत होती. तेव्हा उलेनहाउट यांनी त्याच सांगाड्यावर छप्पर असलेल्या दोन गाड्या करून घेतल्या. आतली बैठक एकीची लाल, दुसरीची निळी. दारं पक्ष्याच्या पंखासारखी वर उघडणारी. आत शिरायचं तर आधी उंच चौकटीवरून पाय टाकायचा, मग स्टिअरिंग काढून बाजूला ठेवायचं, बसायचं आणि स्टिअरिंग परत लावून घ्यायचं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा ड्रायव्हरच्या दोन पायांच्या मधून जातो. क्लच त्या बोगद्याच्या अलीकडे, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पलीकडे. म्हणजे या गाडीत बसता येत नाही, मांड ठोकावी लागते. नेसत्या धोतरात हे वाहन चालवता येणार नाही, हे पहिल्याच फोटोत कळतं.

आणि मग शर्यतच राहिली. त्यामागची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 11 जून 1955 रोजी फ्रान्समध्ये ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत प्येर लवेग या फ्रेंच ड्रायव्हरची 300 एसएलआर पुढच्या गाडीवर चढून प्रेक्षकांच्या बाजूला फेकली गेली. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. मर्सिडीजने त्याच रात्री, पुढे असताना, आपल्या उरलेल्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या. युरोपात एकेक करत शर्यती रद्द झाल्या, मेक्सिकोचीही झाली, आणि वर्षअखेर कंपनीने शर्यतींना रामराम ठोकला तो कित्येक वर्षांसाठी.

कारखान्यात दोन कूपे तयार. काम काही नाही. उलेनहाउट यांनी त्यातली एक ऑफिसची गाडी म्हणून वापरायला घेतली.

साहेबाने सरकारी गाडी घरच्या भाजीला वापरली तर आपल्याकडे बातमी होते. इथे साहेब जगातली सर्वांत वेगवान रस्त्यावरची गाडी घेऊन कामावर येत होते आणि तक्रार फक्त आवाजाची होती. हिचा धूर मागून निघत नाही, कुशीतून निघतो, त्यामुळे सगळा गडगडाट दाराशीच. शेवटी बाहेरच्या बाजूने एक सायलेन्सर बसवला. तो एवढा थोरला, की जुन्या फोटोत साहेब गावाला निघालेत आणि बॅग बाहेर टांगली आहे असंच वाटतं. एकदा बैठकीला उशीर झाला म्हणून त्यांनी म्युनिक ते स्टुटगार्ट हे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर तासाभरात कापलं, अशी आख्यायिका आहे. बैठकीला उशीर झाल्यावर एवढी घाई करणारा अधिकारी हाच मला त्या गोष्टीतला सर्वांत अविश्वसनीय भाग वाटतो. म्हातारपणी त्यांना कानाला यंत्र लावावं लागलं. कारण सांगायला नको.

या गाडीची किंमत एवढी कशाने झाली, यावर जाणकारांकडे भारदस्त उत्तरं आहेत: दोनच बनल्या, तंत्र अफाट, रूप देखणं, इतिहास निर्वेध. सगळं खरं. पण माझं प्रामाणिक मत असं, की हिची शर्यत हुकली हे हिचं खरं भाग्य. धावलेली गाडी कुठे ना कुठे हरते. कधी टायर फुटतो, कधी पेट्रोल संपतं, कधी समोरचा चांगला निघतो. न धावलेली गाडी कायम पहिली. उलेनहाउट कूपे मेक्सिकोत जिंकली असती का? अर्थातच जिंकली असती. सिद्ध कोण करणार की नसती जिंकली?

असं भाग्य घेऊन आलेली ही एकटीच नाही. पोर्शेची 'टाइप 64' बघा. 1939 च्या सप्टेंबरात बर्लिन ते रोम अशी शर्यत ठरली होती. तिच्यासाठी फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर अश्रूच्या थेंबाच्या आकाराची छोटी गाडी बनवायला घेतली. त्या सप्टेंबरात बर्लिनहून निघालं ते भलतंच काही, आणि त्याची दिशाही रोमची नव्हती. शर्यत गेली. तीन गाड्या झाल्या. एक फोक्सवॅगनच्या एका बड्या अधिकाऱ्याने ठोकली. दुसरी युद्ध संपताना अमेरिकन सैनिकांच्या हाती लागली. त्यांनी वाऱ्यासाठी तिचं छप्पर कापलं, इंजिन मरेपर्यंत हिंडवली आणि भंगारात दिली. उरलेली तिसरी 1949 मध्ये ऑटो माटे या ऑस्ट्रियन ड्रायव्हरने घेतली. एका जुन्या अपघातात त्याचा उजवा हात निकामी झाला होता. डाव्या हाताने त्याने ती शर्यतींत पळवली आणि 1995 मध्ये मरेपर्यंत जवळ ठेवली.

तर ही गाडी ऑगस्ट 2019 मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे लिलावाला आली. अपेक्षा होती दोन कोटी डॉलरच्या आसपास. लिलाव पुकारणाऱ्याने पहिली बोली जाहीर केली. तो म्हणाला 'थर्टीन', म्हणजे एक कोटी तीस लाख. पडदा चालवणाऱ्याला ऐकू आलं 'थर्टी'. पडद्यावर आकडा आला तीन कोटी. दालनात खळबळ. लोक उभे राहिले, फोन वर झाले, टाळ्या पडायला लागल्या. पुकारणारा म्हणतोय 'फोर्टीन', पडदा म्हणतोय चार कोटी. 'फिफ्टीन', पाच कोटी. 'सिक्स्टीन', सहा कोटी. 'सेव्हन्टीन' म्हणेपर्यंत पडद्यावर सात कोटी डॉलर झळकत होते, म्हणजे त्या वेळचे आपले सुमारे पाचशे कोटी रुपये. तेव्हा कुठे पुकारणाऱ्याची मान पडद्याकडे वळली आणि त्याने सांगितलं, सत्तर नाही हो, सतरा.

पाचशे कोटींचे एकशेवीस कोटी झाले, तेही एका वाक्यात. टाळ्या वाजवणाऱ्या सभ्य गृहस्थांनी हुर्यो उडवली, काही उठून गेले. गाडी सतराच्या पुढे हलली नाही आणि विकलीही गेली नाही. लिलाव कंपनी होती आरएम सदबीज. उलेनहाउट कूपेचा सौदा पुढे त्यांनीच केला. तो मोजक्या निमंत्रितांपुढे, गुपचूप उरकला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

या प्रसंगात मला मोह पाडणारी गोष्ट आकड्यांची चूक नाही. ती कोणाचीही होते. मोह पाडते ती मधली मिनिटं. त्या मिनिटांत गाडी तीच होती. तीच तीन चाकं धड आणि चौथंही धड. पत्र्यावरचा पोचा तोच. पण पडद्यावर सात कोटी दिसत होते तोवर हजर असलेल्या प्रत्येकाला ती सात कोटींचीच दिसत होती, आणि सतरा म्हटल्याबरोबर सगळ्यांना आठवलं, की अरे, ही तर फोक्सवॅगनची चुलत बहीण. काहींनी तर असाही मुद्दा काढला, की पोर्शे या नावाने विकलेली पहिली गाडी 356, ती 1948 ची. मग हिला पोर्शे म्हणायचं तरी का? भाव चढताना वंशावळ कोणी काढत नाही, उतरला की सगळ्यांनाच तिची आठवण होते.

इंग्रजांच्या जॅग्वार एक्सजे 13 ची कथा थोडक्यात सांगतो. ल मां जिंकण्यासाठी 1966 मध्ये एकच गाडी बनवली. कंपनीचा विचार पक्का होईपर्यंत इंजिनाचे नियम बदलले आणि ती गाडी कधी शर्यतीत गेलीच नाही. काही वर्षं झाकून ठेवली. 1971 मध्ये दुसऱ्याच एका मॉडेलच्या जाहिरातीचं चित्रीकरण करायला तिला बाहेर काढली, आणि चाक तुटून ती उलटीपालटी झाली. ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस वाचला. गाडी पुन्हा बांधावी लागली. शर्यतीसाठी जन्मलेली गाडी जाहिरातीत कामी आली! आमच्या नाटकवाल्या मित्रांना हे सांगितलं, तर त्यांनी काहीही न बोलता मान डोलावली.

आता माझ्या या सिद्धांताला एक मोठं भगदाड आहे आणि ते लाल रंगाचं आहे. फेरारी 250 जीटीओ. ही धावली, जिंकली, आपटली, पुन्हा धावली, आणि तरी वर सांगितलेला 2018 चा विक्रम तिचाच होता. एकूण 36 बनल्या, 1962 ते 64 च्या दरम्यान. पण तिचेही मधले दिवस पाहा. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर ती नुसती एक जुनी, तापट, खर्चिक गाडी होती. टेक्सासच्या एका मालकाने आपली जीटीओ गावातल्या हायस्कुलाला देऊन टाकली. वर्कशॉपच्या तासाला पोरांनी हात साफ करायला म्हणून! पुढे तीच गाडी ओहायोत एका शेतात ट्रेलरवर ऊन-पाऊस खात कित्येक वर्षं पडून होती. आज तिच्या एका दारावर कोणाचं आख्खं गाव चालेल. त्या शाळेतल्या मास्तरांना निवृत्तिवेतनाचे कागद भरताना काय वाटत असेल याचा विचार मी करत नाही.

मुद्दा असा, की मोटारीला बाल्य असतं आणि वार्धक्य असतं, आणि दोन्ही मानाचे असतात. मधला काळ मात्र फार अपमानाचा. आपल्या सरकारने तर तो कायद्यानेच आखून दिला आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी, नूतनीकरण, वर पर्यावरण कर, आणि 'स्क्रॅप कधी करताय?' हा सोसायटीतल्या सेक्रेटरींचा प्रेमळ प्रश्न. 2021 साली केंद्र सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' मानावी. तिला 'व्हीए' ही अक्षरं असलेली वेगळी नंबरपट्टी मिळते, नोंदणीची फी 20,000 रुपये. थोडक्यात पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत, पस्तीस वर्षं, जो माणूस बायकोची बोलणी खात गाडी राखेल, तो रसिक. बाकीचे भंगारवाले.

त्या नियमात आणखी एक कलम आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरती रस्त्यावर आणा. म्हणजे उलेनहाउट कूपे उद्या कोणी पुण्यात आणली, तर तिला आयुष्यात जे एकमेव काम जमलं, ऑफिसला जाणं, तेच नेमकं करता येणार नाही. अर्थात पुण्याच्या रस्त्यांवर मांड ठोकून क्लच दाबत बसायचं म्हणजे साहेबांना म्युनिकपेक्षा जास्त वेळ लागला असता.

नमुन्यापाशीच अडलेल्या गाड्या आपल्याकडेही झाल्या. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये स्वतःच्या कल्पनेने छोटी मोटार बनवली आणि पुढे पंचवीस-एक वर्षं एकामागून एक सुधारलेले नमुने करत राहिले. गाडीचं नाव मीरा. सामान्य माणसाला बारा हजारांच्या आसपास मिळावी असा त्यांचा हिशेब होता. इंजिनिअरिंगची पदवी नाही, पाठीशी बँक नाही, लायसन्सचं राज्य जोरात. मीरा बाजारात आलीच नाही. तिच्या बाबतीत तर शर्यत रद्द होण्याचाही प्रश्न नव्हता. सुरुवातीच्या रेषेपाशी जायलाच परवाना लागत होता. तिच्यासाठी कोणी स्टुटगार्टला निमंत्रण धाडणार नाही हे मला कळतं. तरी एक गोष्ट नोंदवतो: उलेनहाउट यांच्या मागे अख्खी मर्सिडीज होती, शंकररावांच्या मागे इचलकरंजी. शर्यत हुकल्याने भाव चढतो हा माझा नियम मोठ्या घरच्या गाड्यांनाच लागू आहे, हे मीरामुळे कबूल करावं लागतं.

परत त्या सौद्याकडे येतो. या दोन कूपे कंपनी कधीच विकणार नाही, असं संग्राहकांच्या जगात सगळे धरून चालले होते. सायमन किडस्टन नावाचे एक ब्रिटिश सल्लागार मात्र तसं धरून चालले नाहीत. दीड वर्ष त्यांनी कंपनीच्या वरिष्ठांचा पिच्छा पुरवला. शेवटी कंपनीने हो म्हटलं, मोजक्या लोकांना बोलावलं आणि किडस्टन यांनी आपल्या गिऱ्हाइकासाठी बोली जिंकली. गिऱ्हाइकाचं नाव जाहीर झालेलं नाही. खास प्रसंगी गाडी लोकांना पाहायला मिळेल एवढं त्या सद्गृहस्थाने मान्य केलं आहे. हा माणूस तिच्यातून ऑफिसला जात नसणार, याची मला खात्री आहे आणि थोडं वाईटही वाटतं.

पैसे कुठे गेले? कंपनीने त्यातून निधी उभारला, तरुणांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी. विषय: पर्यावरण आणि कार्बन कमी करणं. कुशीतून धूर सोडत, अख्ख्या शहराला ऐकू जाईल असा गडगडाट करत जी गाडी ऑफिसला जात होती, तिच्या पैशातून आता पोरं हवा स्वच्छ कशी ठेवावी ते शिकणार. पापक्षालनाचे इतके मोठे आकडे काशीलाही ऐकले नसतील.

याच म्युझियममधला पुढचा एक सौदाही पाहा. 1 फेब्रुवारी 2025 रोजी तिथे मर्सिडीजची डब्ल्यू 196 आर ही झाकल्या चाकांची फॉर्म्युला वन गाडी विकली गेली, 5 कोटी 11 लाख युरोंना. ती मात्र धावलेली होती, फँजिओ आणि मॉस या दोघांच्याही हातची. लक्षात घ्या: फँजिओने चालवलेली गाडी 5 कोटींना, आणि साहेबांनी ऑफिसला नेलेली 13 कोटींना. माझा सिद्धांत अगदीच टाकाऊ नाही.

दोनपैकी दुसरी कूपे अजून कंपनीकडेच आहे, स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये मांडलेली. ती विकायची नाही असं कंपनी सांगते. 2022 पर्यंत पहिलीबद्दलही हाच समज होता, तेव्हा बघायची तर फार दिवस लांबणीवर टाकू नका. स्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचं जोडशहर आहे आणि कोणाचा ना कोणाचा भाचा तिथे नोकरीला असतोच. त्याच्याकडे उतरा, पण सोमवार टाळा. सोमवारी म्युझियम बंद असतं.